आईने ओळखलेली मुलगी

१

ऑगस्टमधल्या त्या आठवड्यात घराला उजाडायच्या आधीच जाग यायची. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर म्हणजे एक लांबलचक खोली. एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आरसा, आणि त्याच्यासमोर खांद्याला खांदा लावून उभ्या मुली. केस वाळवायच्या यंत्रांचा घोंघाट, केसांवर मारायच्या फवाऱ्याचा गोडसर, घशाला चिकटणारा वास, आणि खिडकीबाहेर टपून बसलेला अलाबामाचा उकाडा. बोलायची सोय नव्हती आणि कुणाला बोलायचंही नसायचं. प्रत्येकीचं लक्ष आपल्या केसांच्या लाटेवर. लाट कानाखाली सुरू व्हायला हवी, खांद्यावर एकदाच वळायला हवी, आणि रंग मधाचा. मध म्हणजे मध, काकवी नव्हे.

नेल पर्विसला ही वेळ मनापासून आवडायची. आदल्या वर्षी ती इथे आली तेव्हा तिचे केस भिजल्या लाकडासारखे तपकिरी होते, नाकावर बारीक तांबूस ठिपके होते आणि बोलण्यात हार्लन्स मिल या गावचा हेल होता. गावात लाकूड कापायची गिरणी, चर्च आणि शाळा. शाळेची पिवळी बस तिची आई चालवायची. वडील गिरणीतच कामाला होते, ते नेल लहान असतानाच गेले. अशा घरच्या मुलीला पांढऱ्या खांबांच्या या घरात घेतलं, याचं सगळ्यांत जास्त नवल खुद्द नेललाच होतं. विद्यापीठात अशी मुलींची बरीच घरं होती. सोरोरिटी म्हणतात त्यांना. आत गेलेल्या मुली एकमेकींच्या बहिणी होतात, आणि दर ऑगस्टमध्ये दारात उभं राहून, टाळ्या वाजवत, गाणी म्हणत नव्या बहिणी निवडतात.

कसं दिसायचं हे मेरिट सांगायची. मेरिट शेवटच्या वर्षाला होती. मोठ्या शहरातल्या शल्यविशारदाची मुलगी, चाल अशी की पायाखाली नेहमी गालिचाच असावा. ती कधी कुणाला टाकून बोलली नाही. हनुवटीखाली एक बोट धरायची, चेहरा उजेडाकडे वळवायची आणि हळूच म्हणायची, "अगदी थोडंसं, राणी." त्या थोड्याथोड्यात नेलचे केस गेले, नाकावरचे ठिपके गेले, आईने घेऊन दिलेले बूट गेले, हेल गेला. मग एकदा जेवताना नेल खदखदून हसली तेव्हा मेरिटने तिच्या मनगटावर हात ठेवला. "ट्रक सुरू होतोय असं वाटतं गं," ती म्हणाली, तीही हसतच. तेव्हापासून नेल ओठ मिटून हसायला शिकली. सक्ती कुणीच केली नव्हती.

त्या सकाळी नेल आरशासमोरून हलली नव्हती. केसांचा शेवटचा भाग राहिला होता. तेवढ्यात तिच्या खोलीत राहणारी हॉलिस जिना चढून धापा टाकत आली आणि दारातच थबकली.

"तू वर कधी आलीस? आत्ता खाली मला टाचणी मागितलीस ना?"

"मी इथेच आहे."

हॉलिसने तिच्याकडे नीट पाहिलं, मग रांगेतल्या बाकीच्या मधाळ डोक्यांकडे पाहिलं, आणि हसली. घाईत असं होणारच, म्हणाली. सगळ्या अगदी एकसारख्या दिसताहेत, मेरिट खूश होईल.

नेलही हसली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. आपण इतक्या बेमालूम मिसळलो की कुणाची आपल्याशी गफलत व्हावी, याहून मोठी पावती कोणती?

२

त्याच आठवड्यात, नव्या मुली बघायच्या तिसऱ्या फेरीत, नेलच्या समोर एक मुलगी येऊन बसली. पायात चकाकणारे, टाचेकडे सोललेले बूट. तोंड उघडलं तर हार्लन्स मिलच्या पलीकडच्याच गावचा हेल. तिने नेलला सांगितलं की हा झगा तिच्या मावशीने शिवलाय, आणि आपणच कौतुकाने घेर पसरून दाखवला. मग बोलता बोलता डोळे बारीक करून विचारलं, "तूही आमच्याच बाजूची का गं?"

"नाही," नेल म्हणाली.

संध्याकाळी सगळ्या जणी दिवाणखान्यात गालिच्यावर बसून एकेका नावावर बोलत होत्या. त्या मुलीचं नाव निघालं तेव्हा मेरिटने नेलकडे पाहिलं, कारण बोलणं नेलशी झालं होतं. चांगली आहे एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. काहीच नसतं म्हटलं तरी चाललं असतं. नेल म्हणाली, "गोड आहे बिचारी, पण आपल्यात शोभायची नाही." हे म्हणताना तिचा आवाज हुबेहूब मेरिटसारखा आला. दोघीतिघी समजुतीने हसल्या, आणि विषय पुढे गेला.

नेलचे कान तापले. कुणी बघत नसताना तिने गालावर हाताची थंड पाठ टेकवली. आणि तेव्हाच तळघरातून हसण्याचा आवाज आला. तोंड उघडून, पोटातून, मध्येच श्वास अडखळून पुन्हा सुरू होणारं हसणं.

कुणीच मान वर केली नाही. नेल पाणी प्यायच्या निमित्ताने उठली आणि तळघराच्या पायऱ्या उतरली. खाली कपडे धुवायची खोली होती, आणि तिच्या शेजारी एकमेकींना वापरायला द्यायच्या झग्यांची लांब खोली. दिवे लागलेले होते. कपडे वाळवायचं यंत्र फिरत होतं, आणि आत एखादंच बटण लोखंडाला लागून टकटक वाजत होतं. माणूस कुणी नव्हतं. झग्यांच्या रांगेत एक हँगर मात्र अजून झुलत होता.

यंत्राच्या आवाजाला माणूस काहीही समजतो, असं तिने स्वतःला सांगितलं. वर येताना तिच्या लक्षात आलं की गेल्या वर्षभरात आपण ते हसू ऐकलेलंच नाही. तरीही ते इतकं ओळखीचं वाटलं.

३

यानंतर लहानसहान गोष्टी घडत राहिल्या. वर्गातली एक मुलगी नेलला थांबवून म्हणाली की काल बाकावर बसून तू मला तुझ्या गावच्या नदीबद्दल सांगितलंस ते फार आवडलं. नेल हो म्हणाली. स्वयंपाकघरातल्या बाईंनी तिच्यासाठी भेंडी तळून वेगळी ठेवली, कारण तूच मागितलीस ना, म्हणाल्या. नेलने ती खाल्ली नाही. त्या घरात तळलेलं कुणी खात नसे.

मग सप्टेंबरातल्या मेजवानीचे फोटो भिंतीवर लागले. त्या दिवशी नेल तापाने दवाखान्यात पडून होती. हॉलिसनेच तिला तिथे नेऊन सोडलं होतं. तरी फोटोत मेरिटच्या डाव्या हाताला ती उभी होती. निळा झगा, केसांची लाट, कानातले मोती. चेहरा कुणाकडे तरी वळलेला, अर्धा केसांआड.

"किती सुरेख आलीयस," मेरिट मागून म्हणाली.

नेलने हॉलिसला गाठलं आणि थट्टेच्या सुरात विचारलं की ही तूच ना? हॉलिसने बोट ठेवून स्वतःला दुसऱ्या टोकाला दाखवलं. "मी ही. ती तू. स्वतःला ओळखत नाहीस का?"

"मी तर तेव्हा आजारी होते."

"मग नंतर आली असशील," हॉलिस म्हणाली आणि निघून गेली. तिला दुसरं काम होतं.

नेल बराच वेळ भिंतीपाशी उभी राहिली. तिने एकेक चेहरा तपासला. शक्यता पुष्कळ होत्या. फोटो दुसऱ्या दिवसाचा असेल, कुणी पाहुणी असेल. घरात एवढ्या मुली. सगळ्यांची नावं तरी कुठे पाठ होती तिला? पण हे कुणाशी बोलायचं म्हणजे काय बोलायचं? यातली मी कोणती ते मला कळत नाही, असं? तसं म्हणायची तिला लाज वाटली.

४

ऑक्टोबरात आयांचा शनिवार असायचा. सगळ्यांच्या आया घरी येत, मुली जिन्यावर उभ्या राहून गाणं म्हणत, मग आया आपापल्या मुलींना घेऊन जेवायला जात. आदल्या वर्षी नेलने आईला यातलं काही कळवलंच नव्हतं. इथे मात्र आई आजारी आहे असं सांगून मोकळी झाली होती. या वर्षी घरानेच परस्पर निमंत्रण पाठवलं, आणि आईचा, वँडा पर्विसचा, फोन आला.

ती इतकी हरखली होती की तिचं वाक्य धड पुरं होत नव्हतं. शनिवारी शाळेची बस नसतेच. पहाटे निघेन. घालायला काय, त्याचाही विचार करून ठेवलाय, तू बघच. नेलने सुचवून पाहिलं की फार लांबचा रस्ता आहे, गाडी जुनी आहे, तुझं कोपर दुखतं. वँडा म्हणाली की कोपर मेलं घरी बसूनही दुखतं.

"साधंच काहीतरी घाल हं आई," नेल शेवटी म्हणाली.

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग वँडा म्हणाली, "बरं, बाळा."

त्या रात्री नेलने उशीत तोंड खुपसून आपल्यालाच शिव्या दिल्या. पण सकाळी उठल्यावर तिच्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की आई काय घालून येईल.

५

त्या शनिवारी जिन्याचा कठडा फुलांनी मढवला होता. प्रत्येक पायरीवर मुली, फिकट निळ्या झग्यांत, हात मागे बांधून. नेल वरच्या वळणावर मेरिटच्या शेजारी उभी होती. मेरिटची आई आधीच वर येऊन लेकीला बिलगून उभी होती. सडपातळ, पांढऱ्या तागाच्या कपड्यांत, अंगाला मंद सुगंध.

गाणं सुरू होतं. आया दारातून येत होत्या, वर बघत होत्या, ओळखीचा चेहरा दिसला की हात हलवत होत्या.

वँडा आली. तिने विद्यापीठाच्या रंगाचा जाड सदरा घातला होता आणि त्याच्या छातीवर घराच्या नावाची ग्रीक अक्षरं स्वतःच्या हाताने शिवली होती. कडेने टिकल्या लावल्या होत्या. एक टिकली दोऱ्यावर लोंबत होती. आणि मधलं अक्षर उलटं शिवलं होतं.

"अगं बाई," मेरिटची आई लेकीच्या कानात पुटपुटली, "ही कुणाची? अक्षर बघ."

मेरिटने ओठ मिटून घेतले, पण तिचे खांदे हलले.

नेलने पाऊल उचललं होतं ते खाली टाकायला. ते मागच्या पायरीवर टेकलं. तिचं तिलाच कळलं नाही कधी. खाली वँडा दारातल्या गर्दीत उभी राहून एकेक चेहरा शोधत होती, बसच्या आरशात मुलं मोजताना करायची तशी ओठ हलवत. तिची नजर पायरी पायरी चढत वर आली, वळणापाशी पोचली, नेलच्या चेहऱ्यावर आली.  नजर पुढे सरकली.

गाणं संपत आलं होतं. खालच्या पायऱ्यांवरून एक मुलगी रांग सोडून उतरली. उतरली कसली, धावलीच. धप् धप् टाचा वाजवत, हात पसरून.

"आई!"

हार्लन्स मिलच्या लोकांखेरीज तो शब्द तितका लांबवून कुणी म्हणत नाही. वँडाचा चेहरा उजळला. तिने पर्स खाली टाकली आणि त्या मुलीला छातीशी धरलं. मुलीने हात टाकले ते बरोबर दुखरं कोपर सांभाळून. नेलला तिची पाठ दिसत होती, निळा झगा, मधाळ केस. मुलीने मागे सरून त्या सदऱ्यावरच्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि काहीतरी म्हणाली. वँडा हसली. आणि मग ती मुलगीही हसली, तोंड उघडून, पोटातून.

नेलच्या अंगावर सरसरून काटा आला. पण काट्याच्या आधी दुसरं काहीतरी येऊन गेलं होतं, आणि ते काय होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुटले, असं वाटलं होतं तिला.

आता हे थांबवायला हवं, असं म्हणत ती जिना उतरली. मनाशी वाक्य तयार होतं: आई, मी इकडे आहे. गर्दीतून वाट काढत ती वँडापासून हाताच्या अंतरावर पोचली. मेरिट आणि तिची आई तिच्या मागोमागच उतरल्या होत्या. तो सुगंध तिला मानेपाशी जाणवत होता. वँडा वळली. तिच्याकडे पाहून अनोळखी माणसाकडे पाहावं तसं आदराने हसली, आणि आपला फोन पुढे केला.

"पोरी, माझा आणि माझ्या लेकीचा एक फोटो काढतेस का? किती सुंदर दिसता गं तुम्ही सगळ्या."

नेलने तोंड उघडलं.

"हो, मॅडम," ती म्हणाली.

तिने फोन धरला. काचेत वँडा नीट दिसत होती, ताठ उभी, हनुवटी वर, उलट्या अक्षरासकट. मुलीने ऐन वेळी लाजल्यासारखं तोंड वँडाच्या खांद्यात लपवलं. काचेत दिसले फक्त तिचे केस, आणि केसांच्या भांगात बोटभर तपकिरी मुळं. त्या घरात असली मुळं कुणाच्या डोक्यावर दिसू द्यायची नाहीत अशी रीत होती.

"फार उपकार झाले, बाळ," वँडा म्हणाली. दोघी हातात हात घालून दाराबाहेर उन्हात गेल्या.

"तुझी आई नाही आली?" मेरिटच्या आईने विचारलं.

"यायचं होतं," नेल म्हणाली. "जमलं नाही."

६

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. पलीकडे आई ओरडेल, रडेल, ती पोरगी कोण होती म्हणून विचारेल, काहीही चालेल असं तिला वाटत होतं. वँडा आनंदात होती. नुकतीच पोचले, म्हणाली, आणि तुला कळवणार तोवर तूच फोन केलास.

नेलने विचारलं, "आज सगळं नीट वाटलं ना आई?"

"का गं? अजून तेच धरून बसलीस का?" वँडाचा आवाज मऊ झाला. "मी सांगितलं ना गाडीत, माझ्या मनात काही नाही. मागच्या वर्षी बोलावलं नाहीस, ते मला तेव्हाच कळलं होतं. चर्चमधल्या बाईंची भाची आहे ना तिथे. मी वाट पाहत होते, तू आपणहून कधी सांगशील याची. आज सांगितलंस, रडलीस, संपलं. लाज कुणाला वाटत नाही? मला माझ्या आईची वाटायची."

नेल जमिनीवर बसली. दोन खाटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, गुडघे पोटाशी घेऊन. जे सांगायला तिला वर्षभर तोंड झालं नव्हतं ते कुणीतरी सांगून टाकलं होतं, आणि माफीही मिळवून टाकली होती. आता उरलं होतं ते फक्त आजचं. ते कुणीच सांगितलेलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "तो फोटो ज्या मुलीने काढला..."

"किती सालस पोर. चेहरा मात्र आठवत नाही बघ. सगळ्या सारख्याच."

"हो," नेल म्हणाली.

पुढच्या आठवड्यांत तिने फोन केला की वँडा बुचकळ्यात पडायची. सकाळीच तर बोललो आपण, विसरलीस? असं म्हणायची, पण प्रेमाने. हळूहळू नेलने फोन करणं कमी केलं. नाहीतरी ती कधी रोज करत नव्हतीच. जी करत होती ती नेमाने करत होती.

एकदा धीर करून तिने हॉलिसला विचारलं की आयांच्या शनिवारी माझ्या आईबरोबर गेली ती मुलगी कोण होती? हॉलिस नखांना रंग लावत होती. तिने वर न बघताच सांगितलं की सगळ्यांनी पाहिलं तुला, कशी बिलगली होतीस आईला. मेरिटच्या आईचेसुद्धा डोळे पाणावले.

"तू चेहरा पाहिलास?"

"कुणाचा?"

नेलने पुढे विचारलं नाही. तिने घर पालथं घातलं मात्र. वर्ग चालू असताना, दुपारी, खोल्या रिकाम्या असताना. कपाटं उघडली, तळघरातले झगे एकेक करून बाजूला सारले. कुठेही जास्तीची खाट नव्हती, जास्तीचा कंगवा नव्हता. हसणं पुन्हा ऐकू आलं नाही. कुणाची गफलत होईना, कुणी नदीबद्दल बोलेना. नोव्हेंबर लागला तेव्हा तिला कळून चुकलं की ती जी कोण होती ती आता या घरात नाही. यात दिलासा मानावा असं तिने ठरवलं, पण ते जमेना. कारण मग ती कुठे असेल, याचं उत्तर एकच होतं.

७

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, जेव्हा सगळे आपापल्या घरी जेवायला जमतात, ती न कळवता घरी गेली. हार्लन्स मिलच्या रस्त्याला लागेपर्यंत ती गाडीत एकटीच बोलत होती. सगळं सांगून टाकायचं. जिन्यावर मागे घेतलेलं पाऊल, मॅडम म्हटलेलं, जमलं नाही म्हटलेलं. बोलताना तिने जुना हेल लावून पाहिला. जिभेवर तो बसेना. नाटकातल्या गावकऱ्यासारखा वाटत होता.

अंगणात पिवळी बस उभी होती. घरातून कांदा-सेलरी परतल्याचा वास येत होता, धुराड्यातून धूर. व्हरांड्यात कुणीतरी अक्रोडासारख्या पिकॅनची टरफलं काढून सालींचा ढीग केला होता. वँडा एकटीने कधी एवढे सोलत नसे; कोपर साथ देत नसे.

नेलने दार वाजवलं. वाजवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्या घराचं दार आपण आयुष्यात कधी वाजवलेलं नाही.

वँडाने दार उघडलं. हाताला पीठ. तिने नेलकडे पाहिलं, केसांकडे, मोत्यांकडे, बुटांकडे. त्या नजरेत शोधणं होतं. नेल उभी राहिली आणि तिने ते शोधणं पुरं होऊ दिलं. शोधता शोधता वँडाचा चेहरा खुलला.

"तू ती! तू आमचा फोटो काढलास."

आतून कुणीतरी विचारलं, "कोण आहे गं आई?" जिभेला मुळीच जड न जाणारा तो हेल.

नेलला बोलायचं होतं. मी तुझी नेल आहे, एवढंच. पण तेवढं म्हटलं की पुढचं म्हणावं लागणार होतं. मग तेव्हा बोलली का नाहीस, असं आई विचारणार. ती समोर उभी होती, पीठ लागलेले हात वर धरून, आणि तिला ते उत्तर द्यायचं म्हणजे तिच्या तोंडावर सांगायचं होतं की तुझ्या सदऱ्यामुळे. नेलचे डोळे भरून आले.

वँडाने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. "घरी जाता आलं नाही होय तुला? आईबाप लांब असतात?"

नेलने मान डोलावली.

"मग बाहेर काय उभी राहतेस, वेडे. ये आत. नेल, एक ताट वाढव गं, तुझी मैत्रीण आलीय."

टेबल तेच होतं. वँडाने तिला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं, दाराकडे पाठ असलेल्या. मक्याचं कॉर्नब्रेड आलं, तळलेली भेंडी आली. मागे लाकडी जमिनीवर अनवाणी पावलं वाजली. कुणीतरी नेलच्या खुर्चीला वळसा घालून समोर जाऊन बसलं. नेल ताटाकडे बघत राहिली. मान वर केली की संपलं, असं तिला वाटत होतं. काय संपलं ते तिला सांगता आलं नसतं.

"हात धरा," वँडा म्हणाली. त्या घरात जेवणाआधी एकमेकांचे हात धरून प्रार्थना करत. नेलने डोळे मिटले. एका बाजूने आईचा हात आला, पिठाचा, खरखरीत. समोरून दुसरा हात आला आणि त्याने तिची बोटं अलगद वेढून घेतली.

वँडाने देवाचे आभार मानले. थंडीच्या दिवसांत लाकूड पुरलं त्याबद्दल, बसला अपघात झाला नाही त्याबद्दल. माझी लेक मला परत दिलीस, त्याबद्दल. मग ती थांबली.

"पाहुणीचं नावही घेते. नाव काय म्हणालीस बाळ तुझं?"

नेलने डोळे किलकिले केले. तिला समोरच्या माणसाचा फक्त हात दिसला. आपला हात माणूस अंधारातही ओळखतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. नखं आखूड होती, बिनरंगाची, पिकॅनच्या सालीने काळवंडलेली.

"मेरिट," ती म्हणाली.

तो हात हलला नाही. मग त्याने तिचा हात हळूच दाबला, दुःखात असलेल्या परक्या माणसाचा दाबतात तसा, आणि वँडा पुढे म्हणू लागली की देवा, या मेरिटला सांभाळ, आणि हिच्या आईला हिची ओळख राहू दे.